थोरलीला देवळाच्या ओट्यावर मी झोपवलं

आमच्या टेबलावर रोज सकाळी भाग सांगायचं काम माझ्याकडं होतं. भाग म्हणजे आदल्या संध्याकाळी मालिकेत जे झालं ते. वाळूजच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही सहा बायका लांब टेबलाभोवती बसून गाड्यांना लागणारे रबराचे तुकडे साफ करायचो. साच्यातून निघालेल्या रबराला कडेनं पातळ झालर राहते, ती छोट्या कात्रीनं कापून टाकायची. डोळे आणि हात गुंतलेले, तोंड तेवढं मोकळं. मोबाइल गेटवरच्या पेटीत जमा असायचे. त्यामुळं जी सांगेल तिचंच ऐकायचं.

मालिका लागायची नेमकी भाकरीच्या वेळेला. कुणाचे हात पिठात, कुणाच्या घरी रिमोट दिराच्या ताब्यात, तर कुणाच्या घरी टीव्हीच नाही. माझं तसं नव्हतं. मी एकटी. सकाळचाच भात संध्याकाळी परतला की झालं. खाली ताईंच्या, म्हणजे आमच्याच टेबलावरच्या एका बाईंच्या, घरात टीव्ही होता, मी त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहायची. दिवे लागले की मी जिना उतरून त्यांच्या दारात जायची आणि पहिल्या जाहिरातीपासून शेवटपर्यंत बसायची. ताई आत-बाहेर करत अर्धं बघायच्या, अर्धं ऐकायच्या.

शाळा मी आठवीत सोडली. घरात सगळ्यांत मोठी, आई अंथरुणाला खिळलेली, मग भावंडांचं कोण बघणार? त्यानंतर माहेरी काय आणि सासरी काय, मी बोलतेय आणि चार माणसं गप्प बसून ऐकताहेत असं कधी झालं नव्हतं. ते त्या टेबलावर झालं. मी कुठं थांबले तर खाला म्हणायच्या, "अगे, आगे बोल ना, सुई अटक गई क्या?" खाला म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाई. त्यांना मराठी पुरतं कळायचं, बोलायच्या मात्र आपल्या दखनीतच.

मी झाडीपट्टीची, पार पूर्व विदर्भातली. इथून जायला एक दिवस नि एक रात्र लागते. माझ्या गावाहून नागपूरसुद्धा तीन तासांवर आहे, तरी इथं सगळ्या मला 'नागपूरवाली' म्हणायच्या. माझ्या 'हव जी'ला आणि 'काहून'ला पोट धरून हसायच्या. त्या हसण्यानं मला बरं वाटायचं, कारण मी आले तेव्हा माझ्याशी बोलणारंही कुणी नव्हतं.

आले कशी, ते सांगून टाकते. गावाकडची एक मुलगी ह्या भागात कामाला होती, तिच्या भरवशावर मी एक पिशवी घेऊन निघाले. इथं पोचले तर ती काम सोडून गेलेली आणि फोन बंद. कारखान्याच्या गेटवर मी दुपारपासून उभी होते. सुटीच्या वेळी एक धिप्पाड बाई बाहेर आल्या, माझ्याकडं बघून पुढं गेल्या, मग परत फिरून आल्या. म्हणाल्या, "जेवलीस का?" त्या ह्या ताई. मूळच्या पिशोरच्या. त्यांनी मला घरी नेलं, पिठलं-भाकरी वाढली आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरपुढं उभं केलं. "माझी लांबची भाची हाय," असं बेधडक सांगितलं. आजही कुणी मला जेवलीस का विचारलं तर मला ताईच दिसतात.

त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं होतं, "मालक कुठं असतात?" माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं. मी म्हणाले, "सुरतेला. कापडाच्या कामावर." खरं म्हणजे मी नवऱ्याला सोडून आले होते. तो हात उचलायचा. त्याहून जास्त मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही आणि आताही सांगावंसं वाटत नाही. एकदा सुरत म्हटल्यावर ती सुरत चालवावीच लागली. दिवाळीला मी स्वतःच एक साडी आणली नि मालकांनी पाठवली म्हणून नेसले.

आणि मालिकेत नेमकी थोरली होती.

दोन सुनांची गोष्ट. धाकटी सोसणारी, सगळ्यांना धरून राहणारी. थोरलीनं नवऱ्याच्या मारहाणीला वैतागून एक दिवस पिशवी भरली नि घर सोडलं. एका पाळणाघरात कामाला लागली. त्या दिवसापासून आमचं टेबल तिच्यावर तुटून पडलं. नवऱ्यानं मारलं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बोलणं सगळं थोरलीचं.

"घर सोडून चाललीय आन केस मोकळे," एक म्हणायची.

"लिपस्टिक बी पुसली नाय."

"दोन थापडा मारल्या म्हून काय झालं? आमच्यात काय हार घालतेत व्हय?" ह्या ताई. ह्यावर सगळ्या हसायच्या.

"अगे, उसका नाक तो देखो. नाकवाली औरत घर में नै टिकती," हे खालांचं मत. थोरलीचं काम करणारी नटी खरोखर धारदार नाकाची होती.

टेबलावरची सगळ्यांत लहान, विशीतली पोरगी, सुटी झाली की गेटवरून मोबाइल घेऊन त्या नटीचे फोटो शोधून दाखवायची. नटीनं नवं घर घेतलं, दारात चपला काढून हसत उभी आहे. ताई म्हणाल्या, "बघा, खरी बी तसलीच. एकटीचं घर." मालिकेच्या पानावर खाली लोक लिहितात, तिथं पानंच्या पानं भरलेली, आणि नावं वाचली तर दहातली आठ बायकांची. हिला काढा. हिचं तोंड बघवत नाही. हिच्या सासूची दया येते. ताईंना मोबाइलवर लिहिता यायचं नाही, म्हणून संध्याकाळी त्या सांगायच्या नि मी टाइप करायची. माझं शुद्धलेखन यथातथाच. 'असली सुन कुनाच्या घरात येऊ नये' हे वाक्य मी स्वतःच्या बोटांनी लिहिलेलं आहे. शंभरावर बायकांनी त्याला अंगठे दिले. ताई खूश झाल्या, मला गरम भजी दिली.

हे मला नवं नव्हतं. आमच्याकडं हिवाळ्यात गावोगाव नाटकं होतात. लहान असताना एकदा वाईट बाईचं काम करणारी नटी आमच्या शेजारच्या घरी उतरली होती. सकाळी ती हापशावर दात घासत होती. माझी काकी घागर घेऊन गेली आणि तिला नाही नाही ते बोलली, चांगल्या बाईच्या संसारात विष कालवलं म्हणून. नटीनं शांतपणे चूळ भरली आणि म्हणाली, "काकी, म्हणजे काल माझं काम बरं झालं म्हणायचं." काकीनं घागर न भरताच घर गाठलं. आम्ही पोरी हसलो, पण काकीच्याच बाजूनं.

तिखट-मीठ लावायची सवय मला कधी लागली ते नेमकं सांगता येणार नाही. सुरुवातीला मी पाहिलं तसंच सांगायची. मग लक्षात आलं की थोरलीला जरा वाईट केलं की टेबल खुलतं. ती नुसती बोलली असेल तर मी म्हणायची, ती फणकारली. सासूला नमस्कार न करता निघाली तर मी म्हणायची, तिनं उंबऱ्याला लाथ मारली. ताईंनी तोच भाग अर्धामुर्धा पाहिलेला असायचा, त्यांना कळायचं. पण त्या टोकायच्या नाहीत. उलट म्हणायच्या, "टीव्हीपेक्षा हिचंच भारी असतंय." बाकीच्यांनाही अंदाज होता. तो आमचा खेळ होता. आणि मला त्यात आणखी एक सोय दिसत होती. मी थोरलीला जेवढ्या शिव्या देईन तेवढं माझ्याकडं कुणी निरखून बघणार नाही.

एका दुपारी डबे उघडताना ताई सहज म्हणाल्या, "काय गं नागपूरवाले, तुझे मालक ह्याही दिवाळीला नाय आले, संक्रांतीला बी नाय आले. कसले मालक गं हे?"

मी काहीतरी पुटपुटले. त्या संध्याकाळचा भाग मी पाहिला तो ह्याच धास्तीत. भागात झालं ते असं: थोरली सासरी येते. सासू दार लावून घेते. थोरली बाहेरून म्हणते, माझे शाळेचे कागद द्या, मी जाते. धाकटी मागच्या खिडकीतून कागदांची पिशवी तिच्या हातात देते. दोघी एकमेकींकडं बघतात आणि थोरली निघून जाते. बस, एवढंच.

दुसऱ्या सकाळी मी टेबलावर सांगितलं ते असं: थोरली रडत आली. सासूच्या पाया पडली. म्हणाली, चुकले, मला घरात घ्या. सासूनं दार लावलं. धाकटीनंही खिडकी लावून घेतली. थोरली दिवसभर दारात बसली, मग देवळाच्या ओट्यावर जाऊन आडवी झाली. एक कुत्रं जवळ येऊन बसलं. त्यानं तिला हुंगलं आणि तेही उठून गेलं.

कुत्र्याला तर टेबल फुटलंच. खालांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. सुरत त्या दिवशी कुणाला आठवली नाही.

एक जण हसली नव्हती, पण ते मला नंतर कळलं. ती माझ्या समोर बसायची. फर्दापूरकडची, सासरचे मेंढरं राखणारे, नवरा इथं गोदामात हमालीला. तिच्या घरी टीव्ही नव्हता. ती कधी मधे बोलायची नाही, खाली मान घालून कापत राहायची. उन्हाळ्यातही तिच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या. मला त्या बाह्यांचा अर्थ पहिल्या आठवड्यातच कळला होता. पण मी कधी विचारलं नाही. तिला विचारलं असतं तर तिनंही मला विचारलं असतं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी नळावर आम्ही दोघीच होतो. रबराचा काळा लेप साबणानं सहजी जात नाही, घासत बसावं लागतं. घासता घासता ती म्हणाली, "तुझं बरं झालं बाई, तू ते सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"थोरलीचं. मी शनिवारी जाणार होते. देवगाव रंगारीला बहीण हाय माझी. ती कवाची म्हणतीय, लेकीला घेऊन ये, माझ्यापाशी रहा. कपडे बी बांधले होते." तिनं हात पाण्याखाली धरले. बाही वर सरकली, ती तिनं लगेच खाली ओढली. "मग म्हणलं, नको. बहिणीचं बी घर तिच्या सासूचं. तिनं दार लावलं तर? मी एकटी असते तर झोपले असते वट्यावर. लेकीला कशी झोपवू?"

ती पदराला हात पुसून गेली. मी नळ चालूच ठेवून उभी राहिले, तेव्हा सुपरवायझर ओरडला.

ती माझ्यामुळं थांबली होती. तो ओटा मालिकेत नव्हता, ते कुत्रं नव्हतं. ते दोन्ही मी घडवलं होतं, माझी खोली आणि माझी जागा राहावी म्हणून.

संध्याकाळी ताईंच्या दारात बसले. थोरली पाळणाघरात एका बाळाला निजवत होती. ताई कणीक मळता मळता बोलल्या, "आता दुसऱ्याची पोरं सांभाळती. लिही, हिला काढाच म्हणावं." मी मोबाइल हातात घेतला आणि काही लिहिलं नाही. ताईंकडं बघत राहिले. त्यांच्या सासूबाई आतल्या खाटेवर असायच्या. ताईंनी आपलं तरुणपण त्या खाटेपाशी काढलं होतं, आणि त्यांचे यजमान कसे होते ते त्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, हसत. थोरलीचं बरं झालेलं ताईंना चालणार कसं? मग इतकी वर्षं त्या कशासाठी थांबल्या? मला त्यांचा राग आला नाही. भीती मात्र वाटली. उद्या मी बोलले तर ह्या घराचा जिना माझ्यासाठी राहील का, हा एकच विचार. अंथरुणावर पडल्यावर मी दोनदा ठरवलं की फक्त तिलाच बाजूला घेऊन सांगावं, मालिकेचंच तेवढं. पण ती म्हणाली असती, मालिकेत ठीक हाय, खऱ्यात कोण तरलंय? आणि त्याचं उत्तर माझ्याकडं होतं.

सकाळी सगळ्या बसल्या. टोपल्या आल्या. विशीतली म्हणाली, "चला, लावा मालिका."

मी म्हणाले, "आधी त्या ओट्याच्या भागाचं सांगते. तो मी चुकीचा सांगितला. थोरली पाया पडलीच नव्हती."

"माहितीय की," ताई हसल्या. "लई रंगवलंस त्या दिवशी."

"ती कागद न्यायला आली होती. धाकटीनं खिडकीतून दिले. ती तिच्या खोलीवर गेली. ओट्यावर झोपली नाही."

"और वो कुत्ता?" खालांनी विचारलं.

"कुत्रं नव्हतं जी."

"अगे, मेरेकू तो कुत्ताच पसंद था."

सगळ्या हसल्या. समोरचीची कात्री थांबली होती. मी तिच्याकडं न बघता बोलले, कारण बघितलं असतं तर मला जमलं नसतं. "आणखी एक. सुरतेला माझं कुणी नाही. मी नवऱ्याला सोडून आलेय. मारायचा. चार वर्षं झाली."

पहिली बोलली ती विशीतली. "मग ती सुरतेची साडी?"

"इथल्याच गुलमंडीच्या बाजारातून आणली मी."

खाला कात्री चालवत म्हणाल्या, "मेरेकू पहलेच लगा था. आदमी का फोन कभी आया नै इसकू." पलीकडची एक बाई शेजारणीच्या कानात काही बोलली आणि दोघींनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी थोरलीवर पडताना रोज पाहिली होती.

ताईंनी हातातला तुकडा खाली ठेवला. "पोरी, मी तुला घरात घेतलं तवा काय इचारलं होतं? जेवलीस का, येवढंच ना? मग खोटं कशाला बोललीस?"

"तुम्ही थोरलीला बोलता ते ऐकून पुढं खरं सांगायचा धीर झाला नाही."

"ती टीव्हीतली बाई हाय."

"मी टीव्हीतली नाही, ताई."

त्या म्हणाल्या, "हे मी इसरणार नाय." आणि पुन्हा कापायला लागल्या.

तेवढ्यात समोरून आवाज आला. फर्दापूरकडची टेबलावर पहिल्यांदाच सगळ्यांसमोर काही विचारत होती. "पहिल्या रात्री कुठं झोपलीस?"

"बसमध्ये. नागपूरहून निघालेल्या. झोप नाही लागली."

"आन दुसऱ्या रात्री?"

मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. "ताईंच्या घरी. गादीवर."

"भ्या वाटलं का?"

"हव. अजून वाटते. पण मार नाही लागत."

तिनं मान हलवली. दुपारी डबा घेऊन ती माझ्या बाजूला येऊन बसली आणि एकामागून एक विचारत राहिली. बस कुठून, सोबत काय घ्यावं, लेकीच्या शाळेचं काय. मी सांगितलं, कपडे राहिले तरी चालतील, आधी लेकीचा दाखला आणि आधार घे. मी माझे कागद तिथंच विसरून आले. आठवीचं प्रगतिपुस्तकसुद्धा माझ्याजवळ नाही, त्यापायी किती ठिकाणी अडले ते मलाच ठाऊक. दाखल्यासाठी मी तिच्याबरोबर शाळेत गेले. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गाव बदलतंय." खोटं नव्हतं.

शनिवारी तिची जागा रिकामी होती. सुटीला गेटवर मोबाइल हातात आला तेव्हा तिचा फोन येऊन गेलेला. मी उलट लावला. मागं कोंबड्यांचा आवाज. "पोचले," ती म्हणाली. "बहिणीची सासू म्हणली, पोरगी लई रोडावलीय, आधी दूध द्या तिला."

ताई मात्र माझ्याशी बोलत नव्हत्या. खोली सोड म्हणाल्या नाहीत, पण मालिकेच्या वेळी त्यांचं दार लावलेलं असायचं. मी जिन्यात उभी राहून आतला आवाज ऐकायची नि वर जायची. टेबलावर आता विशीतली भाग सांगायची, इंटरनेटवरून तुकडे बघून. तिचं सांगणं पुढं-मागं व्हायचं. खाला कंटाळायच्या.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मी ठरवलं. ह्या बाईनं मला गेटवरून उचललं होतं, ते मी जिन्यात उभी राहून गमावणार नव्हते. आणि तोंड बंद ठेवून परत मिळवणारही नव्हते. दिवे लागल्यावर मी खाली उतरले आणि दार वाजवलं. ताईंनी उघडलं. हाताला पीठ.

"ताई, भाग बघायचा आहे."

"मग?"

"तुमच्याकडं बघायचा आहे."

"बघ. पण मी थोरलीला काय बी बोलेन. मधी तोंड घालायचं नाय."

"घालणार मी."

"माझ्याच घरात?"

"हव जी."

आतून सासूबाईंनी विचारलं, कोण आलंय? ताई म्हणाल्या, "नागपूरवाली. भांडायला आलीय." आणि दारातून बाजूला झाल्या. जाहिराती चालू होत्या. मी माझ्या जागेवर बसले. थोरली आली तशा ताई स्वयंपाकघरातून बोलल्या, "आली नकटी."

"नकटी कुठं ताई," मी म्हणाले, "टेबलावर तर तुम्ही सगळ्या नाकवाली म्हणता तिला. एक काय ते ठरवा."